कैद्यांची गाणी, कातरणाऱ्यांची गाणी : सोलापुरातल्या एका अभिवाचनवर्गाचे परीक्षण

नवी पेठेच्या मागच्या अंगाला, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या खासगी वाचनकक्षाने यंदाच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातील लोकगाणी आणि तिथली आरंभीची कविता या विषयावर शनिवार-रविवारचा अभिवाचनवर्ग घेतला. शुल्क ६०० रुपये होते, विद्यार्थ्यांना निम्मे, आणि पुस्तिका व चहा त्यातच धरलेला होता. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू व्हायची असल्याने, नाव नोंदवावे की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. विषय ऐकल्यावर, सोलापूरकराला ऑस्ट्रेलियाच्या गाण्यांचे काय, असे मला अनेकांनी विचारले. पोवाडा ऐकत वाढलेल्या कानाला ही गाणी फार लवकर आपलीशी वाटतात, आणि या वर्गाचे खरे यश हे की त्याने ती कागदावरून उचलून पुन्हा गळ्यात आणि हातात, म्हणजे ज्या कामासोबत ती जन्माला आली त्या कामात, नेऊन ठेवली. जिथे हे साधले तिथे वर्ग उत्तम झाला. जिथे तो छापील कवी आणि त्यांच्या चरित्रांच्या मागे लागला तिथे तो कोणत्याही महाविद्यालयातल्या तासासारखा झाला, आणि एका महत्त्वाच्या बाबतीत तो अपुरा पडला, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वर्ग दोघे मिळून घेतात. इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक पार्श्वभूमी सांगतात आणि मूळ गाणे मोठ्याने वाचतात, त्यानंतर त्याचा अर्थ साध्या मराठी गद्यात सांगितला जातो, आणि शेवटी एक तरुण शाहीर त्याच गाण्याचे मराठी रूप डफ, तुणतुणे आणि हलगीवर म्हणतात. ही तीन पायऱ्यांची पद्धत मला अतिशय योग्य वाटली, कारण इंग्रजी फारसे न येणारा माणूसही पहिल्या पायरीला निव्वळ ठेका ऐकतो, दुसऱ्या पायरीला गोष्ट समजून घेतो आणि तिसऱ्या पायरीला दोन्ही एकत्र अनुभवतो. श्रोत्यांमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी होते, तसेच पूर्व भागातले यंत्रमागावर आयुष्य काढलेले काही ज्येष्ठही होते, आणि सर्वांत नेमके प्रश्न या ज्येष्ठांनी विचारले.

सरांनी सुरुवात राम जोशींपासून केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच सोलापुरातला एक व्युत्पन्न ब्राह्मण घरादाराचा रोष पत्करून तमाशाच्या फडात उभा राहिला, आणि त्याची लावणी पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यापर्यंत पोचली. त्याच काळात, २६ जानेवारी १७८८ रोजी, इंग्लंडहून निघालेली अकरा जहाजे कैदी आणि पहारेकरी घेऊन सिडनीच्या खाडीत नांगर टाकत होती. म्हणजे आपल्याकडे शाहिरी परंपरा ऐन भरात होती तेव्हा तिकडे नवा समाज जेमतेम किनाऱ्याला लागत होता. त्या समाजाजवळ स्वतःची म्हणावी अशी एकही चाल नव्हती. त्याने आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या चाली आणल्या, लंडनच्या रस्त्यावर सुट्या कागदांवर छापून विकल्या जाणाऱ्या गाण्यांचा साचा आणला, आणि त्यात नव्या भूमीचे शब्द भरले. पुढच्या शंभर वर्षांत यातूनच त्या देशाची पहिली कविता घडली. हा कालक्रम सरांनी फळ्यावर दोन समांतर रेघा ओढून दाखवला आणि तो शेवटपर्यंत पुसला नाही, त्यामुळे प्रत्येक गाणे ऐकताना त्या वेळी आपल्याकडे काय चालले होते हे डोळ्यांसमोर राहिले.

पहिले मोठे गाणे मोर्टन बेचे होते. आज जिथे ब्रिस्बेन आहे तिथे १८२० च्या दशकात, शिक्षा भोगतानाच पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांसाठी वेगळी वसाहत होती, आणि कॅप्टन पॅट्रिक लोगन हा १८२६ पासून तिचा प्रमुख होता. त्याच्या फटक्यांच्या शिक्षा कुप्रसिद्ध होत्या. १८३० च्या ऑक्टोबरात तो मारला गेला आणि त्या मृत्यूवर हे गाणे रचले गेले. रचणारा म्हणून फ्रान्सिस मॅकनमारा या आयरिश कैद्याचे नाव घेतले जाते. तो स्वतः १८३२ मध्ये सिडनीला पोचला आणि कैद्यांमध्ये 'फ्रँक द पोएट' म्हणूनच ओळखला जाई. गाण्यात एक कैदी दुसऱ्याला आपली कहाणी सांगतो. पोर्ट मॅक्वारी, नॉरफोक बेट, एमू प्लेन्स, कॅसल हिल अशी शिक्षेच्या ठिकाणांची एकामागून एक नावे येतात, आणि या सगळ्यांत मोर्टन बेसारखे ठिकाण नाही असा निवाडा होतो. शाहिरांनी ही ठिकाणांची यादी म्हणताना डफ थांबवला, नुसत्या तुणतुण्यावर एकेक नाव सावकाश घेतले, आणि लोगनच्या नावावर डफावर थाप दिली. पोवाड्यात गडांची नावे घेताना शाहीर जे करतो तेच हे होते, आणि त्या एका युक्तीने परक्या गावांची नावे आम्हाला ऐकू येऊ लागली.

या गाण्याचा पुढचा प्रवास सरांनी सांगितला तो भाग मला पूर्ण वर्गातला सर्वांत मोलाचा वाटला. १८७९ मध्ये नेड केली या दरोडेखोराने जेरिल्डरी गावात बँक लुटताना एक लांबलचक पत्र मागे सोडले, आणि त्या पत्रात आपल्या आयरिश पूर्वजांवरच्या जुलुमांविषयी लिहिताना त्याच शिक्षेच्या ठिकाणांची यादी जवळजवळ गाण्याच्याच क्रमाने येते. केलीचा जन्म लोगनच्या मृत्यूनंतर वीसहून अधिक वर्षांनी झालेला, त्याचा बाप कैदी म्हणून आलेला. त्याला हा इतिहास शाळेने शिकवला नव्हता, गाण्याने शिकवला होता. ज्यांच्या हाती दप्तर नव्हते त्यांनी गाण्यालाच दप्तर केले, असे सर म्हणाले आणि ते मला पूर्ण पटले.

त्यानंतर जॅक डोनाहोचे गाणे झाले. डब्लिनचा हा तरुण कैदी म्हणून आला, पळाला, सिडनीच्या आसपास वाटमारी करत राहिला आणि १८३० च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. पुढच्या पिढ्यांनी त्याला डूलन केले, डग्गन केले, त्याचे गाव बदलले, पण नावाची आद्याक्षरे बहुतेक वेळा तीच राहिली आणि शरण जाण्यापेक्षा लढून मरण्याची त्याची प्रतिज्ञाही तीच राहिली. यावर एका आजोबांनी उमाजी नाईकांची आठवण काढली. उमाजींना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली, म्हणजे डोनाहोच्या मृत्यूनंतर जेमतेम दोनेक वर्षांनी, आणि सरकारी कागदात दरोडेखोर असलेला माणूस लोकांच्या गाण्यात राजा होतो ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच घडली. सरांनी मात्र इथे योग्य तो भेदही सांगितला, आणि तो सांगितला याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. उमाजी आपल्याच मुलखात, परक्या सत्तेविरुद्ध उभे होते, तर डोनाहो ज्या भूमीवर मोकळा फिरत होता ती दुसऱ्याच कोणाकडून हिसकावलेली होती. ज्या शहरात १९३० साली लष्करी कायदा पुकारला गेला आणि ज्या शहराच्या चौघा जणांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, त्या शहराच्या श्रोत्यांसमोर हा भेद धूसर ठेवून चालले नसते.

सोन्याच्या खाणींचा भाग लवकर आटोपला आणि ते बरेच झाले. १८५१ नंतर व्हिक्टोरियात सोने सापडल्यावर जगभरातून लोक लोटले, चार्ल्स थॅचर नावाचा गायक खाणींवरच्या दिवाणखान्यांत ताज्या घडामोडींवर रोज नवी गाणी रचून म्हणू लागला, ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलराटला परवान्याच्या जाचाविरुद्ध खाणकामगार आणि सैनिक यांची चकमक झाली. हे सगळे माहिती म्हणून ठीक होते, पण त्यातले एकही गाणे नीट बसवलेले नव्हते.

आता कातरणाऱ्यांच्या दिवसाविषयी. केवळ या एका दिवसासाठी मी ६०० रुपये पुन्हा देईन. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाची श्रीमंती मेरिनो मेंढीच्या पाठीवर उभी होती, आणि लोकर कातरण्याच्या हंगामात मजुरांच्या टोळ्या एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर शेकडो मैल चालत जात. त्यांच्या गाण्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध असलेले गाणे कातरीच्या आवाजावरच बांधलेले आहे, आणि त्याची चाल हेन्री क्ले वर्क या अमेरिकी संगीतकाराच्या १८६५ च्या गाण्यावरून घेतलेली आहे. हे गाणे वरच्या खोलीत म्हणण्याऐवजी आयोजकांनी सर्वांना खाली चौकात नेले. तिथे सांगोल्याकडचे एक धनगर गृहस्थ आपली कातर आणि एक मेंढी घेऊन बसले होते. वर्गात सगळे त्यांना मामा म्हणू लागले.

मामांनी मेंढीचे पाय बांधले, तिला कुशीवर घेतले, तिच्या मानेखाली आपला गुडघा ठेवला आणि पोटाकडून कातरायला सुरुवात केली. कातरीची दोन पाती एकमेकांवर घासून जो आवाज येतो तो एकसारखा नसतो. पोटाच्या पातळ लोकरीवर तो लहान आणि जलद असतो, पाठीवर आल्यावर लांब होतो, आणि मानेच्या वळीपाशी हात थांबून पुन्हा चालतो. शाहिरांनी थोडा वेळ नुसते ऐकले, मग हलगी काढून त्या आवाजाच्या मागे मागे ठेका धरला, आणि ठेका जमल्यावर गाणे उचलले. लोकर गालिच्यासारखी एका तुकड्यात सुटत गेली आणि गाणे संपायला आणि मेंढी उठायला एकच गाठ पडली. एका विद्यार्थिनीने, "मामा, जरा सावकाश करा, व्हिडिओ घेतेय," असे म्हटले, त्यावर मामा मान वर न करता म्हणाले, "सावकाश केलं तर मेंढरू उठतंय की." गाण्याची लय गाणाऱ्याच्या मर्जीवर नसते, ती जनावराच्या धीरावर असते, ही गोष्ट त्या वाक्यानंतर वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

सरांनी तिथेच उभे राहून फरकही सांगितले. तिकडची जुनी कातर एकाच पोलादी पट्टीची, वाकवून केलेली असे आणि मुठीचा दाब सुटला की आपोआप उघडे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला लागणारी, भरड आणि थोडी असते, तर मेरिनोची मऊ आणि दाट. कातर लागून जखम झाली तर तिकडे डांबराचा डबा घेऊन एक पोरगा हाकेसरशी धावत येई, आणि त्या पोराला गाण्यात स्वतंत्र जागा आहे. मामांनी आपल्या जवळची हळदीची पुडी काढून दाखवली. मग सरांनी जॅक हाऊ या कातरणाऱ्याचा विक्रम सांगितला, की १८९२ मध्ये क्वीन्सलंडमध्ये त्याने हातकातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. आम्ही सगळे थक्क झालो. मामांनी मात्र शांतपणे विचारले, "दुसऱ्या दिवशी हात मिटत हुता का त्येचा?" या प्रश्नात त्या काळातल्या मजुराची जी कणव आहे ती मला पुस्तिकेतल्या कोणत्याही टीपेत सापडली नाही, आणि ती तिथे छापली जावी अशी माझी आयोजकांना मनापासून विनंती आहे.

याच धाग्याने १८९१ चा संप आला. वाडीमालकांना संघटनेबाहेरचे मजूर लावण्याची मोकळीक हवी होती, कातरणाऱ्यांच्या संघटनेने त्याला नकार दिला, आणि मध्य क्वीन्सलंडमध्ये बार्काल्डिनच्या परिसरात संपकऱ्यांच्या छावण्या पडल्या. सरकारने घोडेस्वार पाठवले, पुढाऱ्यांना कट केल्याच्या आरोपाखाली तीन तीन वर्षांची शिक्षा झाली आणि संप मोडला. त्या वर्षी ब्रिस्बेनमध्ये असलेल्या हेन्री लॉसन या चोविशीतल्या कवीने कामगारांच्या पत्रासाठी एक जळजळीत गाणे लिहिले. ते इतके झोंबले की त्यातली कडवी क्वीन्सलंडच्या विधिमंडळात राजद्रोहाचा पुरावा म्हणून वाचून दाखवली गेली. लॉसनचे हे गाणे शाहिरांनी म्हटले तेव्हा मागच्या रांगेतल्या गिरणी कामगारांनी आपणहून झीलकऱ्यांसारखा सूर धरला. बार्शीच्या अमर शेखांनी गिरण्यांच्या संपांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या आवाजाने मैदाने भरली, तो आवाज या जिल्ह्याच्या कानांत अजून आहे. त्यामुळे संपाचे गाणे म्हणजे काय हे इथे शिकवावे लागत नाही, आणि सरांनीही ते शिकवण्याचा प्रयत्न केला नाही. जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी त्या दिवशी चहाच्या वेळी बोलणे दुसऱ्या कशाचेच नव्हते.

बँजो पॅटरसन आणि हेन्री लॉसन या दोन कवींना दिलेल्या सत्रांत मात्र वर्गाचा सूर हरवला. या दोघांची गोष्ट मुळात फार नाट्यमय आहे. पॅटरसन मेंढ्यांच्या वाडीवर वाढलेला, सिडनीत वकिली करणारा, घोड्यांच्या शर्यतींचा षौकीन आणि एका घोड्याचेच नाव टोपणनाव म्हणून घेतलेला. लॉसन सोन्याच्या खाणीवर, एका नॉर्वेजियन खलाशाच्या पोटी जन्मलेला, लहानपणीच बहिरेपण आलेला, गाड्या रंगवून पोट भरणारा. १८८० मध्ये सिडनीत निघालेल्या 'बुलेटिन' साप्ताहिकाने दोघांनाही छापले, आणि १८९२ मध्ये त्याच साप्ताहिकात दोघांची पद्यातून जुंपली. रानावनातले जीवन म्हणजे धूळ, दुष्काळ आणि एकटेपणा, असे लॉसनने लिहिले. पॅटरसनने उत्तर दिले की रान लॉसनला मानवत नसेल तर त्याने शहरातच राहावे. इतर कवीही त्यात उतरले आणि वाचक दोन बाजूंना विभागले गेले. पुढे पॅटरसनने उतारवयात लिहून ठेवले की ही कल्पना लॉसनचीच होती, कारण कवितेला लांबीप्रमाणे पैसे मिळत आणि भांडण जितके लांबेल तितके दोघांचेही भले होते.

हा सरळ सरळ कलगी-तुऱ्याचा सामना आहे. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने त्याच वृत्तात जबाब द्यावा, आणि बाजूला बसलेल्यांनी आपापली बाजू उचलून धरावी, हे ज्या मातीत शतकानुशतके चालत आले आहे तिथे, आणि शेजारी डफ घेतलेला शाहीर बसलेला असताना, सरांनी दोन कवींची दोन स्वतंत्र चरित्रे वाचून दाखवली आणि वादाचा उल्लेख काही वाक्यांत उरकला. कविता वाचल्या गेल्या त्याही वेगवेगळ्या दिवशी, त्यामुळे जबाब ऐकताना सवाल विसरलेला होता. शाहिरांना एक जोडीदार देऊन हा सामना समोरासमोर उभा केला असता तर तो कातरणाऱ्यांच्या दिवसाच्या तोडीचा झाला असता. पुढच्या तुकडीत एवढी एक गोष्ट बदलली तरी वर्गाची प्रत बदलेल.

पॅटरसनच्या पहिल्या संग्रहाविषयी जे सांगितले गेले ते मात्र विचार करायला लावणारे होते. १८९५ मध्ये निघालेली त्याची पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली आणि काही महिन्यांत सात हजार प्रती गेल्या. घोडेस्वारांच्या आणि गुराख्यांच्या या कविता विकत घेणाऱ्यांमध्ये शहरांत राहणारे लोक मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी क्वीन्सलंडमधल्या विंटनजवळच्या डॅगवर्थ वाडीवर क्रिस्टिना मॅकफर्सनने वाजवलेल्या, शर्यतीच्या मैदानावर ऐकून लक्षात राहिलेल्या, एका स्कॉटिश चालीवर पॅटरसनने मेंढी चोरणाऱ्या भटक्याचे गाणे बांधले. पुढे एका चहाच्या कंपनीने ते थोडे बदलून जाहिरातीसाठी वापरले, आणि १९७७ मध्ये राष्ट्रगीतासाठी मत घेतले गेले तेव्हा ते दुसऱ्या क्रमांकावर आले. वाडीमालकाच्या मेंढीपायी पाण्यात उडी घेऊन जीव देणारा भणंग माणूस एखाद्या देशाच्या अनधिकृत राष्ट्रगीताचा नायक व्हावा, यात त्या समाजाच्या मनाचा जो कल दिसतो त्यावर शेवटची चर्चा बराच वेळ रंगली.

गाणी जमवण्याच्या कामावरही थोडा वेळ दिला गेला. पॅटरसनने १९०५ मध्ये जुन्या रानगाण्यांचा संग्रह छापला, कारण ती म्हणणारी माणसे संपत चालली होती. आपल्याकडे हे काम त्याआधी, १८९१ मध्ये, हॅरी ॲकवर्थ या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत केले आणि ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला मोठा छापील संग्रह त्यातून उभा राहिला. मुंबईतले कुष्ठरुग्णांचे ॲकवर्थ रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे ते हेच. पॅटरसन आपल्याच लोकांची गाणी जमवत होता आणि ॲकवर्थ राज्यकर्त्याच्या खुर्चीत बसून जितांची, पण दोघांनाही गोंधळी आणि मजूर यांच्या तोंडूनच माल मिळाला. शाळिग्रामांचे नाव अशा वेळी मागे पडते. सरांनी ते आधी घेतले, हे मला आवडले.

आता उणिवेविषयी. ज्या भूमीला हा वर्ग सतत तरुण म्हणत होता तिथे माणसे किमान पन्नास हजार वर्षे गात आली आहेत. त्यांच्या गाण्यांत पाणवठे, डोंगर आणि वाटा साठवलेल्या आहेत, इतक्या की गाणे येत असेल तर अनोळखी मुलूख ओलांडता येतो. वर्गाचा विषय वसाहतीची गाणी हा होता हे मान्य करूनही, या मूळ रहिवाशांना अख्ख्या वर्गात एकच जागा मिळाली, आणि ती मोर्टन बेच्या गाण्यात लोगनला मारणारा बिननावाचा काळा माणूस म्हणून. डोनाहोच्या वेळी जो भेद सरांनी इतक्या स्पष्टपणे सांगितला तो पुढे त्यांनी नेला नाही. 'बुलेटिन'च्या मथळ्याखाली विसाव्या शतकात कित्येक दशके ऑस्ट्रेलिया गोऱ्यांसाठी असल्याची घोषणा छापली जात होती, हेही चहाच्या वेळी कोणी विचारले म्हणून समजले. मजुरांच्या बंधुभावाची गाणी चिनी आणि काळ्या मजुराला वगळून म्हटली गेली, ही गोष्ट संपाच्या गाण्याच्या दिवशीच सांगायला हवी होती.

आणि साहित्य नाही असेही नाही. १० जून १८३८ रोजी मायल क्रीक इथे वाडीवरच्या गोऱ्या माणसांनी किमान २८ मूळ रहिवाशांची, त्यात बायका आणि मुलेही होती, कत्तल केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, खटला निकालाला लागून सात जणांना फाशी होण्याच्या सुमारास, नुकत्याच आयर्लंडहून आलेल्या एलायझा हॅमिल्टन डनलॉप यांनी सिडनीच्या वर्तमानपत्रात एक कविता प्रसिद्ध केली. तीत कत्तलीतून वाचलेली आई आपल्या तान्ह्याला गप्प राहायला सांगते. या कवितेपायी डनलॉप यांना बरीच टीका सोसावी लागली, आणि पुढे आयझॅक नेथन यांनी तिला चालही लावली. वर्गात बाईची एकही रचना घेतलेली नव्हती, मूळ रहिवाशांविषयीची एकही घेतलेली नव्हती, आणि ही एक कविता दोन्ही उणिवा भरून काढणारी होती. आपल्याकडे बाईच्या तोंडची ओवी जात्यावर ऐकलेल्या कोणालाही ती समजायला वेळ लागला नसता. हे मी वर्ग संपल्यावर सरांना बोलले तेव्हा त्यांनी पुढच्या तुकडीत ती घेण्याचे कबूल केले आहे.

सोयींबद्दल थोडक्यात. मे महिन्यातल्या सोलापुरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन कूलर पुरत नाहीत, आणि कूलरच्या आवाजात तुणतुणे बुडते, त्यामुळे मागे बसणाऱ्यांचे नुकसान होते. शक्यतो पुढच्या दोन रांगांत बसावे. पुस्तिकेचा कागद चांगला आहे, पण मूळ इंग्रजी आणि मराठी रूप वेगवेगळ्या भागांत छापल्याने सतत पाने उलटावी लागतात. गाण्यांच्या चाली कुठून आल्या याची नोंद फक्त काही ठिकाणी आहे, ती सगळीकडे हवी. मराठी रूपे शाहिरांनी स्वतः बांधली आहेत आणि ती म्हणण्यासाठीच बांधली असल्याने वाचताना काही ओळी ओढाताणीच्या वाटतात, पण गाताना एकही अडत नाही. जिना अरुंद आणि उंच आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आयोजकांना आधी कळवावे, म्हणजे ते खालच्या चौकात बसण्याची सोय करतात, आणि उन्हाळा सरला की तो चौक वरच्या खोलीपेक्षा गाण्याला अधिक मानवेल असे माझे मत आहे. दिवाळीनंतरच्या तुकडीची नोंदणी वाचनकक्षातच, संध्याकाळी पाचनंतर, रोख रक्कम देऊन करावी लागते. कातरणाऱ्यांच्या सत्राची तारीख मात्र मामांच्या मेंढ्या त्या वेळी कोणत्या रानात बसलेल्या असतील यावर ठरणार असल्याने ती नोंदणीच्या वेळी विचारून घ्यावी.